हॉबी सीएनसीवर ॲल्युमिनियमचा पहिला पार्ट: कटर मोडतोय कारण तू फीड कमी करतोयस

तुझा प्रश्न नीट वाचला, आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे मला बरोबर कळलंय का ते तुलाही दिसेल. घरी ६०४० साइजचा राउटर (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन) आहे, दीड किलोवॅटचा पाण्यावर गार होणारा स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारी मोटर, कटर धरायला ईआर ११ कॉलेट, लाकूड आणि ॲक्रिलिक मस्त कापतो. आता मामांच्या टॉवेलच्या मागांवर बसवायला प्रॉक्सिमिटी सेन्सरचा ब्रॅकेट करायचाय, ८० बाय ५०, जाडी १०, एम १२ सेन्सरसाठी एक भोक, चार एम ४ चे टॅप, म्हणजे आटे पाडलेली भोकं, आणि मागेपुढे सरकवायला एक लांब खाच. मटेरियल म्हणून खिडकीवाल्याकडची पट्टी आणली, ती एमडीएफवर डबल टेपने चिकटवली, ६ एमएमचा चार धारेचा काळसर कोटिंगवाला कटर लावला, १८००० आरपीएम. दोन कटर मोडले, तिसऱ्यावर ॲल्युमिनियमचा गोळा बसला. आणि दर वेळी काही बिघडलं की तू फीड, म्हणजे कटर पुढं सरकायचा वेग, अजून कमी केलास, ४०० चा २०० केला, २०० चा १००.

चूक तिथंच आहे भावा, आणि ही चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो कारण ती करताना आपण जपून काम करतोय असंच वाटतं.

माझं सांगायचं तर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत २२ वर्षं झाली, सुरुवात लेथवर हेल्पर म्हणून केली, मागाचे शाफ्ट, बुश, गिअरचे दात भरून परत कापणं असली कामं, नंतर एचएमटीच्या मिलिंगवर, आता व्हीएमसीवर, म्हणजे मोठ्या सीएनसी मिलिंग मशीनवर, आणि घरी गच्चीवरच्या खोलीत तुझ्यासारखाच एक राउटर आहे जो मी स्वतः बांधलाय. त्यामुळे तीन-चार टनाचं मशीन काय करतं आणि ७०-८० किलोचं काय करतं हे दोन्ही रोज हाताखालून जातं. माझे पहिले मिस्त्री पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट होती की मशीनकडं नंतर बघ, खाली पडलेली चिप आधी बघ. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, गार पाहिजे, कटर गार पाहिजे, गरम फक्त चिप पाहिजे. ॲल्युमिनियमचं सगळं गणित त्या एका वाक्यात बसतं, उरलेलं सगळं ती चिप नीट तयार कशी होईल याचीच तयारी.

आता तुझा हिशोब मांडू. फीड २०० एमएम प्रति मिनिट, आरपीएम १८०००, धारा ४. म्हणजे एका धारेला एका फेऱ्यात मिळालं २०० भागिले १८००० भागिले ४, ०.००२८ एमएम. तीन मायक्रॉनसुद्धा नाही. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. आणि कार्बाइड कटरची धार कितीही चांगली असली तरी तिच्या टोकाला स्वतःचाच काही मायक्रॉनचा गोलावा असतो, मग तीन मायक्रॉनचा थर ती धार कापणार कशी, ती त्याच्यावरून नुसती घासत जाते. सुताराचा रंधा बघितलायस ना, पातं फार आत ठेवलं की लाकूड सोललं जात नाही, वरून फक्त चकाकी येते, तसंच. फरक इतकाच की इथं प्रत्येक धार मिनिटाला १८००० वेळा घासली जाते, सगळी उष्णता चिपबरोबर बाहेर जायच्या ऐवजी कटरमधे आणि जॉबमधे शिरते, ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं पण त्याच्या बऱ्याच आधी ते मऊ होऊन धारेला चिकटायला लागतं, एक थर बसला की त्यावर दुसरा, मग धारेमधली खाच भरते, चिपला बाहेर पडायला जागाच उरत नाही, आणि पुढच्या सेकंदाला कट्कन. तू फीड १०० केलास तेव्हा तर प्रत्येक धारेला दीड मायक्रॉन पण नव्हता.

म्हणून आधी हे डोक्यात बसव: मशीन हलकं असेल तर चिपची जाडी कमी करायची नाही, कटची खोली आणि रुंदी कमी करायची. चिप जाडच राहिली पाहिजे. ६ च्या कटरला ॲल्युमिनियममधे धारेमागे ०.०३ ते ०.०५ एमएम, ३ च्या कटरला ०.०१५ ते ०.०२ च्या आसपास, या छोट्या मशीनवर मी याच रेंजमधे असतो.

कटर बदल. ॲल्युमिनियमसाठी एकच धार असलेला, पॉलिश केलेला, कोटिंग नसलेला कार्बाइड कटर घे, सिंगल फ्लूट म्हणून मिळतो. एक धार का, तर खाच मोठी मिळते आणि चिप मोकळी बाहेर पडते, दुसरं म्हणजे तुझा स्पिंडल हळू फिरवता येत नाही, मग एका धारेला पुरेसं मटेरियल द्यायचं तर धारा कमी करणं हाच सोपा उपाय. दोन धारेचा पण चालतो पण फीड दुप्पट द्यावं लागतं आणि तुझं मशीन त्या स्पीडला कोपऱ्यात हलेल. ते काळसर कोटिंग बहुतेक टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचं असतं, म्हणजे कोटिंगमधेच ॲल्युमिनियम, त्याला जॉबचं ॲल्युमिनियम जास्तच चिकटतं. कोटिंग घ्यायचंच असेल तर डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचं) किंवा झेडआरएन (झिर्कोनियम नायट्राइडचं), पण पहिल्यांदा साधा पॉलिशवाला पुरे.

कटर किती बाहेर ठेवतोस ते तू लिहिलं नाहीस पण फोटोत ३५ एमएमच्या आसपास दिसतोय. हे फार महत्त्वाचं आहे म्हणून जरा थांबून सांगतो. कटरचं वाकणं लांबीच्या घनाच्या हिशोबात वाढतं, म्हणजे लांबी दुप्पट तर वाकणं आठपट. आणि जाडीच्या चौथ्या घाताने कमी होतं, म्हणजे ३ च्या ऐवजी ६ चा घेतला तर वाकणं सोळावा हिस्सा. ३५ चा २० केलास तर एक रुपया न घालवता कटर पाचपटीहून जास्त ताठ झाला. १० जाडीच्या जॉबला १२-१३ एमएम धार आणि एकूण १८-२० बाहेर, बास. फक्त कॉलेटचा नट क्लँपला आणि बोल्टच्या डोक्याला लागत नाही ना ते आधी हवेत फिरवून बघायचं.

कॉलेटवरून आठवलं, ईआर कॉलेट आधी नटमधे टक् आवाज होईपर्यंत बसवायचं आणि मग नट स्पिंडलला लावायचा. बरेच नवीन लोक कॉलेट स्पिंडलमधे टाकतात आणि वरून नट फिरवतात, मग कॉलेट वाकडं बसतं, कटर डगमगत फिरतो आणि एक धार असलेल्या कटरची चिप कधी जाड कधी पातळ होते. आणि दर वेळी कॉलेट, नट, कटरची दांडी कोरड्या कापडाने पुसायची, आत एक बारीक कीस राहिला तरी रनआउट येतो, म्हणजे कटर मध्यावर फिरत नाही.

मटेरियल. खिडकीचे सेक्शन बहुतेक ६०६३ चे असतात, ते दाबून काढायला बनवलेलं ॲल्युमिनियम आहे, कापायला चिकट लागतं. तुला ६०६१ किंवा ६०८२ पाहिजे, टी ६ टेंपरमधे, म्हणजे उष्णता देऊन कडक केलेलं. आपल्याकडं धातूच्या दुकानात जुने लोक ६०८२ ला एचई ३० म्हणतात, तसं विचारलंस तर लगेच कळेल. प्लेट कापून किलोवर देतात, १२० बाय ९० चा १० जाडीचा तुकडा ३०० ग्रॅमच्या आतच भरतो, खर्च फार नाही. दुकानदार नुसतं "ॲल्युमिनियमच आहे की" म्हणाला आणि ग्रेड सांगता येईना तर घेऊ नको. भंगारातला तुकडा मिळाला तर एक सोपी परीक्षा, कोपऱ्यावर कानस मारून बघ, कीस मोकळा खाली पडला तर ठीक, कानशीच्या दातात चिकटून बसला तर तोच कटरला पण चिकटणार. इंजिनच्या जुन्या कास्टिंगचा तुकडा पहिल्या कामाला नकोच, त्यात सिलिकॉन असतं, कधी वाळूचा कण पण निघतो आणि धार जाते. पितळ मात्र सुंदर कापतं, चिप तुटक पडते, चिकटत नाही, एखादा छोटा तुकडा हाती आला तर सरावाला जरूर लाव.

आता मशीनकडं. कट घ्यायच्या आधी मशीन किती ताठ आहे ते मोज. डायल, म्हणजे शतांश एमएम मोजणारा गेज, त्याचा स्टँड बेडवर ठेव, डायलचं टोक कॉलेटच्या नटला लाव, आणि रद्दीवाल्याकडं असतो तसला स्प्रिंगचा काटा स्पिंडलला अडकवून ५ किलोने ओढ. डायल किती सरकली? अर्धा दशांश, म्हणजे ०.०५ च्या आत असेल तर या साइजच्या मशीनला मी खूश असतो. ०.२ सरकत असेल तर आधी बोल्ट बघ, गँट्रीच्या (वरच्या आडव्या पुलाच्या) बाजूच्या प्लेटचे, झेडच्या म्हणजे वरखाली सरकणाऱ्या कॅरेजचे, स्पिंडलच्या क्लँपचे, लाकूड कापून कापून ते सैल होतात. माझ्या मशीनवर एकदा चॅटर, म्हणजे कापताना कटरची थरथर, जाईना म्हणून मी दोन दिवस आरपीएम आणि फीडशी झगडत बसलो, शेवटी बॉलस्क्रूच्या शेवटच्या बेअरिंगचा लॉकनट सैल निघाला. तेव्हापासून आधी हाताने ढकलून बघायचं, मग सॉफ्टवेअर.

तशीच बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना स्क्रूमधला ढिलेपणा, बघ, डायल लावून एक एमएम पुढं, एक एमएम मागं, परत तिथंच येतो का. आणि स्पिंडल बेडला काटकोनात आहे का ते, कॉलेटमधे एक वाकवलेली दांडी धरून तिच्या टोकाला लिव्हर डायल बांध, हाताने गोल फिरव, १०० एमएमच्या वर्तुळात ०.०३ च्या आत आणायचा प्रयत्न कर, पातळ पत्र्याच्या शिम टाकून. लाकडात हे कळत नाही, ॲल्युमिनियममधे प्रत्येक पासच्या कडेला पायरी हाताला लागते.

धरणं, म्हणजे वर्कहोल्डिंग, माझ्या मते अर्धं काम हेच. एमडीएफवर टेपने चिकटवलेली पट्टी गरम झाली की टेपचा गोंद मऊ होतो, जॉब हलतो, आणि जॉब केसभर जरी हलला तरी कटरला अचानक दुप्पट चिप मिळते. तुझा दुसरा कटर बहुधा असाच गेलाय. एमडीएफच्या वर १२ एमएमची ॲल्युमिनियम प्लेट बोल्टने बसव, मशीननेच वरून एक हलका फेस मार, म्हणजे वरचा थर कापून सपाट कर, मग ती मशीनच्या हालचालीशी समांतर होईल, आणि तिच्यात अंतरा-अंतरावर एम ६ चे टॅप पाडून घे. ही प्लेट खर्ची घालायचीच आहे, कटर तिच्यात ०.२ गेला तरी वाईट वाटून घ्यायचं नाही.

आता तुझा ब्रॅकेट कसा करशील ते मी करेन तसं सांगतो. १२० बाय ९० चा तुकडा, चारही बाजूला २० मोकळं राहतं, तिथं चार क्लँप. तुकड्याच्या खाली एक कण पण नको, बेस प्लेट आणि जॉब दोन्ही पुसून घे. आधी सगळं आतलं काम आणि शेवटी बाहेरची कड, हा क्रम मोडायचा नाही. म्हणजे आधी चार एम ४ च्या जागी फक्त स्पॉट, १ एमएम खोल. पूर्ण ड्रिल राउटरवर मारू नको असं माझं मत, एम ४ ला ३.३ चं ड्रिल लागतं, तुझा स्पिंडल १०००० च्या खाली दमतो, आणि १०००० ला ३.३ चं साधं एचएसएस ड्रिल मिनिटाला १०० मीटरहून जास्त वेगाने घासतं, चिप अडकली की ड्रिल आतच राहतं. स्पॉट मशीनने अचूक पाडायचा, मग बेंच ड्रिलवर ३.३, आणि टॅप हाताने, गुणिया लावून सरळ, दर अर्ध्या फेऱ्याला थोडा मागे. राउटरवरच ड्रिल करायचंच असेल तर एक लक्षात ठेव, छोट्या मशीनवरच्या जीआरबीएल कंट्रोलरला जी ८३ सारखे ड्रिलिंगचे तयार सायकल कळत नाहीत, कॅममधून, म्हणजे मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, ते साध्या हालचालीत उघडून काढावे लागतात.

मग सेन्सरचं भोक. सेन्सरचे आटे १२ चे, भोक १२.२ ठेव. ६ च्या कटरने सरळ खाली घुसायचं नाही, एक धारेचा कटर मधोमध नीट कापत नाही, स्क्रूसारखं गोल गोल उतरायचं, उतार २-३ डिग्री. आधी ११.८ पर्यंत उतर, मग १२.२ ला फिनिशिंग, आणि तोच फिनिशिंग पास काही न बदलता परत एकदा चालव. पहिल्या पासला कटर थोडा वाकलेला असतो म्हणून भोक बारीक निघतं, दुसरा पास तो उरलेला थर काढतो. व्हर्निअरने मोज, आणि मोजायच्या आधी जॉब सोडायचा नाही, एकदा सोडला की परत त्याच जागी बसत नाही.

खाच तशीच, पण कटरच्याच रुंदीची खाच एका रेषेत कापणं हे सगळ्यात वाईट कट आहे, दोन्ही बाजूला भिंत, चिप बाहेर यायला जागाच नाही. ६ चा कटर असेल तर खाच ७.५ ची ठेव किंवा ४ चा कटर वापर. बाहेरच्या कडेला पण हेच, कटर बाहेरच्या बाजूला थोडा जास्त फिरवून ८ ची गल्ली कर.

भोक आणि खाच झाली की आता गंमत, त्या भोकातून आणि खाचेतून बोल्ट घालून, बोल्टच्या डोक्याखाली मोठे वॉशर देऊन, जॉब बेस प्लेटला आवळ आणि मगच बाहेरचे चार क्लँप काढ. आता बाहेरची पूर्ण कड एका दमात कापता येते, टॅब (तुकडा धरून ठेवणारे न कापलेले छोटे पूल) ठेवायची आणि नंतर कानस मारून काढायची गरज नाही, आणि शेवटी तुकडा सुटून कटरवर आपटत नाही. बोल्टची जागा बेस प्लेटवर आधीच टॅप करून ठेव, कोऑर्डिनेट तुझ्याकडं आहेतच.

नंबर. ६ चा सिंगल फ्लूट, १२००० आरपीएम, म्हणजे कटरची कड मिनिटाला साधारण २२५ मीटर वेगाने फिरते, कार्बाइडला ॲल्युमिनियममधे हे आरामात चालतं. धारेमागे ०.०४, म्हणून फीड ४८०. पूर्ण रुंदीच्या कटला खोली ०.५ पासून सुरू कर, आवाज स्वच्छ असेल तर ०.७, मग १. त्यापेक्षा कॅममधे अडॅप्टिव्ह, म्हणजे कटर सतत थोड्याच रुंदीने कापेल असा मार्ग, वापरता आलं तर फार चांगलं, तिथं रुंदी फक्त ०.६ ठेवायची आणि खोली ३-४ एमएम एकदम, आणि अशा पातळ कटला फीड ८०० पर्यंत न्यावं लागतं, कारण बाजूने थोडंसंच कापताना खरी चिप हिशोबाच्या साठ टक्केच जाड निघते. कडेला ०.२ सोड, शेवटी फिनिशिंग दोन टप्प्यात. तुझ्याकडं बॉलस्क्रू आहेत म्हणून क्लाइंब मिलिंगच ठेव, म्हणजे धार चिप जाड बाजूने सुरू करून पातळ संपवते ती दिशा, साध्या लीडस्क्रूवाल्या ३०१८ सारख्या मशीनवर बॅकलॅश असेल तर क्लाइंबमधे कटर जॉबला ओढून घेतो, तिथं उलटं.

आरपीएम अजून खाली का नाही, तर हे स्पिंडल साधारण एकाच टॉर्कवर चालतात, दीड किलोवॅट हा आकडा २४००० चा आहे, १२००० ला निम्मी पॉवर, ८००० ला तिसरा हिस्सा, आणि मग कटमधे अडकून थांबतो. फ्यूजन या डिझाइन-कॅम सॉफ्टवेअरचं फुकटचं पर्सनल लायसन्स वापरत असशील तर त्यात रॅपिड, म्हणजे न कापता नुसत्या सरकायच्या, हालचाली पण फीडच्या वेगानेच येतात, म्हणून वेळ जास्त लागतो, मशीन बिघडलेलं नाही. फ्रीकॅडचं कॅम पण आता चांगलं चालतं.

हवा दे. चिप जर गल्लीतच पडून राहिली तर कटर तीच परत कापतो, आणि दुसऱ्यांदा कापलेली चिप पहिल्या चिपपेक्षा जास्त त्रास देते. टँकवाला छोटा कॉम्प्रेसर आणि बारीक नोझल थेट कटरच्या पायाशी. टायरमधे हवा भरायचा बारका पंप नको, सतत चालवला की तो तापतो. हवेबरोबर ब्रशने डब्ल्यूडी ४० किंवा कटिंग ऑइलचे दोन-चार थेंब अधूनमधून. शॉपवर जुने लोक ॲल्युमिनियमला रॉकेल लावायचे आणि फिनिशिंग खरंच छान यायचं, पण घरात बंद खोलीत ते करू नको, पेटायची भीती आहे आणि वास पण डोक्यात जातो. पाण्यात मिसळायचं पांढरं सोल्युबल ऑइल उत्तम असतं पण तुझा बेड एमडीएफचा आहे, फुगेल.

पहिला खरा जॉब लावायच्या आधी त्याच प्लेटच्या फालतू कोपऱ्यात ४० एमएम लांब एक गल्ली काप, थांबव, आणि चिप हातावर घे. चांगली चिप म्हणजे वेगवेगळे मोकळे तुकडे, स्वल्पविरामासारखे वळलेले, एक बाजू चकचकीत, एक बाजू मंद. रांगोळीसारखी राखाडी भुकटी पडली तर तू घासतोयस, फीड वाढव किंवा आरपीएम कमी कर. चिप एकमेकांना चिकटून लांब चिंधी झाली तर गरम होतंय, हवा आणि तेल बघ. आवाजाचं म्हणशील तर एकसारखा घुंऽऽ पाहिजे, किंचाळत असेल तर चॅटर आहे, अशा वेळी पहिला हात फीडकडं नेऊ नको, आरपीएम दहा टक्के खाली-वर करून बघ, मग खोली कमी कर.

गोळा बसलेला तिसरा कटर टाकून दिला नसशील तर वाचेल. उघड्या काचेच्या भांड्यात कॉस्टिक सोड्याचं पातळ पाणी, कटरचं टोक त्यात बुडव, ॲल्युमिनियम विरघळून जातं, कार्बाइडला थोड्या वेळात काही होत नाही. पण त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून झाकण लावायचं नाही, गच्चीत उघड्यावर करायचं, जवळ विस्तव नको, हातमोजे आणि गॉगल पाहिजेच, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. घरात लहान मुलं असतील तर हे करूच नको, नवीन कटर घे.

हातमोजे फक्त त्या कामाला. स्पिंडल फिरत असताना हातमोजे, लांब बाह्या, गळ्यातली साखळी, काही नको, कापड कटरने ओढलं तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. गॉगल मात्र कायम, चष्मा असला तरी वरून, पितळाची चिप तर सुईसारखी उडते.

सोलापूरच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला पाहिजे. एप्रिल-मे मधे पत्र्याखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत दुपारी ४२-४३ सहज होतं आणि पहाटे २६-२७. ॲल्युमिनियम मीटरला डिग्रीमागे २३ मायक्रॉन वाढतं, तुझा ८० चा ब्रॅकेट १५ डिग्रीत २८ मायक्रॉन, ब्रॅकेटला काही फरक पडत नाही पण पुढं कधी बेअरिंगची बैठक कापशील तेव्हा पडेल, सकाळी कापून दुपारी मोजू नको. तुला आत्ता लागू पडणारी गोष्ट म्हणजे स्पिंडल. तो गरम झाला की शाफ्ट खाली वाढतो आणि झेडचा झिरो बदलतो, म्हणून आधी १०-१५ मिनिटं रिकामा फिरवायचा आणि मगच झिरो घ्यायचा. साधा कागद ०.१ चा असतो, कटर थांबलेला ठेवून कागद किंचित अडकला की झेड ०.१ वर आहे असं धर. आणि पाण्याची बादली सावलीत, मोठी घे, २० लिटरची, सुरू करायच्या आधी पाणी परत येताना डोळ्याने बघ. माझ्या पहिल्या स्पिंडलचे बेअरिंग पंप अडकल्यामुळे गेले, नळीत शेवाळ झालं होतं, आणि मी फक्त पंपाचा आवाज ऐकून समाधान मानलं होतं.

लाइट जाणार हे धरूनच चाल. कटमधे लाइट गेली की कटर जॉबमधेच थांबतो. परत आल्यावर लगेच काही चालू करायचं नाही, आधी झेड हाताने स्क्रू फिरवून वर घे. व्हीएफडीच्या (स्पिंडलचा वेग सांभाळणाऱ्या डब्याच्या) सेटिंगमधे लाइट आल्यावर आपोआप स्पिंडल सुरू होणार नाही हे आजच तपास, ते चालू असेल तर धोका आहे. होमिंग स्विच (मशीनची ठरलेली सुरुवातीची जागा शोधणारे) बसवलेस तर जी ५४ चा, म्हणजे जॉबचा, झिरो परत मिळतो, नाहीतर भोकाच्या कडेवरून परत शोधत बसावं लागतं. आणि मधेच लिमिट स्विचचा खोटा अलार्म येतो असं तू लिहिलंयस, तो बहुतेक व्हीएफडीचा नॉइज आहे, स्पिंडलची वायर शील्डवाली घे, शील्ड अर्थला जोड, घराचा अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घे, आणि जॉब चालू असताना लॅपटॉप चार्जरवर न ठेवता बॅटरीवर चालव.

शेवटचा प्रश्न, मागाची स्टीलची छोटी पट्टी याच मशीनवर होईल का. माइल्ड स्टीलला कार्बाइड कटर मिनिटाला १०० मीटरच्या आसपास चालवतात, ६ च्या कटरला ते ५३०० आरपीएम होतात, तिथं तुझ्या स्पिंडलमधे ताकदच नाही. ३ चा कटर घेतलास तर १०००० ला ९४ मीटर, हे जमतं, चार धारा, धारेमागे ०.०१, फीड ४००, रुंदी ०.२, खोली एक-दीड, फक्त हवा. ३ एमएम म्हणजे एका सुताच्या पट्टीत एखादी खाच किंवा कड होईल, वेळ भरपूर लागेल आणि ढकलून बघायच्या परीक्षेत मशीन पास झालं असेल तरच. पण पिन, शाफ्ट, बुश असलं काही असेल तर लेथवाल्याकडं दे, दहा मिनिटांचं काम आहे त्याचं. आणि तुझ्याकडचा उरलेला काळसर कोटिंगचा कटर कुणाला देऊन टाकू नको, ते कोटिंग स्टीलसाठीच असतं, फक्त ६ चा तुझ्या मशीनवर चालणार नाही, त्याच कोटिंगचा चार धारेचा ३ चा घे आणि तो ॲल्युमिनियमच्या कटरच्या डब्यापासून वेगळा ठेव.